सरांच्या जन्मगावाची कमान

काकू, ताई, समदी मंडळी. माझं नाव सलीम. बसस्टँडजवळ माझं गॅरेज हाय. मला भाषण जमत न्हाई, अन् आज तर डोळ्याचं पाणीच खळंना. पण आधीची तीन भाषणं ऐकून गप बसवंना.

पहिले साहेब म्हणले, नवनाथ सर जन्मले वडवणीत. दुसरे म्हणले, दिंद्रुडला. तिसऱ्यांनी तर तलवाड्यात जन्मस्थळाची कमानच जाहीर केली. माणूस एक, आई एक, अन् गावं तीन. अहो, ज्या माणसानं सगळ्या देशाला विचारायला शिकवलं, "हे तुमाला कोणी सांगितलं?", त्याच्याच शोकसभेत हे असं?

मी एकदा विचारलं होतं, सर, तुमचा जन्म कुठला? म्हणले, "सलीम, तवा मी हजर होतो, पण माझी साक्ष धरू नको."

दिल्लीत शाल मिळाली, मोठमोठ्या कॉलेजांत त्यांची इतिहासाची पुस्तकं लागली, पण स्कूटर माझ्याकडंच. ती दुरुस्त होईस्तोवर स्टुलावर बसायचे. एकदा मी फुशारकी मारली, माझ्या पणजोबानं इथंच निजामाची मोटार दुरुस्त केली. सर म्हणले, "मोटार आली कशी? तवा इथं रस्ता होता का?"

मी म्हणलं, "सर, रस्ता तर आताबी न्हाई."

लई हसले. मग म्हणले, "पणजोबा खरे. मोटार सिद्ध न्हाई." घरी अब्बा माझ्यावरच तापले, त्या सराला सांगितलंस कशाला म्हणून.

म्हणून हात जोडतो, ती कमान बांधू नका. उद्या एखादं पोरगं ती वाचंल अन् तेच खरं धरंल. सरांचा जन्म गेला असल्या कमानी खोडण्यात.

त्या सकाळी मित्राचा फोन आला, सर गेले. मी सवयीनं विचारलं, "तुला कोणी सांगितलं?" म्हणला, डॉक्टरांनी. मी म्हणलं, "डोळ्यानं पाहिलंस का?" तो चिडला, "अबे, मी इथंच दवाखान्यात हाय. घे, सरांच्या लेकीशी, ताईशी बोल." ताई नुसत्या रडल्या. मी पुढं विचारलं न्हाई. जन्मात पहिल्यांदा वाटलं, पुरावा खोटा निघावा.

उठा आता. जरा वेळ गप उभं राहू. अन् उद्या कोणी विचारलं, तर सगळे रडले असं सांगू नका. सलीम रडला, एवढंच सांगा. ते तुमी डोळ्यानं पाहिलंय.