‘बाबा’ पाचावर बसतो

—नाही नाही, शिडी राहू द्या तिथेच, माझं काही अडत नाही. तुमचं चालू द्या. या एसीची गुणगुण थांबत नाही तोवर मला कामच नाही काही. माइकला सगळं ऐकू येतं हो, माझ्या पोटातली गुरगुरसुद्धा, मग तुमच्या या पंख्याची घरघर नाही का येणार? मॅडम तर वैतागून चहाला गेल्या. मॅडम म्हणजे आमच्या डबिंगच्या डायरेक्टर, त्या काचेपलीकडे बसतात आणि बटण दाबून मला सांगतात – पुन्हा एकदा, पुन्हा एकदा. हां, तर तुम्ही विचारत होतात, पडद्यावर हा जो थांबवून ठेवलाय तो तोच का. तोच. तुमच्या मोबाइलवर ज्याचा फोटो आहे तोच, मघाशी तुम्ही फोन काढलात तेव्हाच बघितला मी. चेहरा त्याचा आहे. आवाज माझा आहे. काय झालं, पाना पडला की हो हातातून! सांभाळून. डोक्यात पडला असता माझ्या, मग तुमचा हिरो मुका झाला असता.

खरंच सांगतोय. गेली कित्येक वर्षं त्याच्या तोंडून मीच बोलतोय. त्याला आपल्या भाषेचा एक शब्द येत नाही. तो पुलावर उभा राहून ‘आता माझी पाळी’ म्हणतो ना, ज्यावर तुम्ही शिट्ट्या मारता – मारता ना? – ते मी म्हटलंय, याच खोलीत, असा हाफ पँट घालून, कारण त्या दिवशीही एसी बिघडला होता. नाही, आता म्हणून दाखवणार नाही. नाही म्हणजे नाही. मुलाला ऐकवायचंय? बघू, नंतर बघू. आधी हे ऐका, कारण माझं डोकं आज फिरलंय आणि कोणाला तरी सांगितल्याशिवाय ते ठिकाणावर यायचं नाही. हा तुमचा हिरो सेटवर काय बोलतो माहितीये? आकडे. एक, दोन, तीन, चार. थट्टा नाही करत. पिक्चर चार भाषांत येणार, मग कशाला कुठल्या भाषेतले संवाद पाठ करा, असा त्याचा हिशोब. प्रेमात पडला, एक दोन तीन. बायकोला सोडून निघाला, एक दोन तीन. भांडणात जरा मोठ्याने एक दोन तीन. बाकी आम्ही आहोतच भरायला! आणि तोंडावर भाव काय, तर बँकेच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाचे. पाट्या टाकतात हो नुसत्या. आणि हा एकटाच नाही, मी दहा जणांसाठी बोललोय, मला सगळे आतून माहीत आहेत. पिक्चर जितका मोठा, तितकं यांचं लक्ष कमी. छोट्या पिक्चरमधला माणूस बिचारा जीव तोडून काम करतो, का, तर मागे काहीच नसतं, ना स्फोट, ना घोडे, ना हजार माणसं. इथे मागे एवढं सगळं पेटलेलं असतं की पुढचा उभा राहून जांभई देतोय हे कोणाच्या लक्षातच येत नाही. माझ्या येतं. मला त्याचं तोंड रोज चाळीस वेळा मागेपुढे करून बघावं लागतं.

आता हाच सीन घ्या. बाप मरायला टेकलाय. हा मुलगा, बारा वर्षं बापाशी बोललेला नाही, तो धावत येतो आणि पलंगाशी बसतो. सगळा पिक्चर या सीनसाठी चाललाय म्हणा ना. बापाचं काम करणारा तो म्हातारा नट बघा कसला आहे – जरा मागे घेतो, थांबा – हे बघा, नुसत्या पापणीने बोलतोय. आणि बोलतोय कोणाशी? हिरोच्या जागी स्टँडला चिकटवलेल्या पट्टीशी! हिरो आपला क्लोजअप देऊन केव्हाच घरी गेलेला. त्या पट्टीकडे बघून म्हाताऱ्याच्या डोळ्यात पाणी आलंय. आणि आता हा बघा. एक, दोन, तीन, चार, पाच... वीसपर्यंत म्हणतो, उठतो. संपला सीन. संवाद काय आहे माझ्याकडे? ‘बाबा, जाऊ नका. मला अजून तुमच्याशी बोलायचंय.’ आता गंमत बघा. तुम्ही ‘बाबा’ म्हणा. म्हणा ना, लाजताय काय! ओठ मिटले की नाही? दोनदा मिटले. आणि ‘एक’ म्हणा. ‘दोन’ म्हणा. तीन, चार. मिटतात का ओठ? नाही मिटत. पाचाला मिटतात, मग एकदम बाराला, मग पंधराला; तो हिंदीत मोजतो, पण ओठ तिथेच मिटतात. म्हणजे त्या माणसाच्या तोंडात ‘बाबा’ कुठे बसणार? पाचावर. त्यातही पाचाला ओठ एकदाच मिटतात, दुसरा ‘बा’ मला त्याच्या मिशीत लपवावा लागतो. तीस वर्षं आवाज कमावला, आणि काम काय, तर बाप पाचावर बसवायचा.

पण काल बसवला मी. फार छान बसवला हो. एक ते चार मी बोललोच नाही. नुसता श्वास घेतला – असा, अडकत अडकत, बोलायचंय पण तोंड उघडत नाही तसा – आणि पाचावर ‘बाबा’. मला स्वतःलाच माहीत नव्हतं कसा निघणार. निघाला तसा निघाला. पुढचं वाक्य संपलं तेव्हा काचेपलीकडे मॅडमनी चष्मा काढून पुसला, आणि रेकॉर्डिस्ट, जो कधी मान वर करत नाही, त्याने मान वर केली. मी घरी जाताना जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरलो. म्हटलं, चला, या धंद्यात येऊन एक तरी खरं काम झालं हातून.

आणि आज सकाळी बोलावलं. का? तर परत करायचंय. वरून निरोप आलाय. मॅडमनी फार गोड शब्दांत सांगितलं, त्या माणूस म्हणून चांगल्या आहेत, पण सांगितलं काय, तर ‘आवाज चेहऱ्यापेक्षा जास्त रडतोय. त्यामुळे त्याचा चेहरा उघडा पडतो. जरा निम्म्यावर या.’ निम्म्यावर या! म्हणजे त्याने पाट्या टाकल्या त्या टाकल्या, आता मीही टाकायच्या, त्याच्या मापाच्या. मी सकाळपासून प्रयत्न करतोय. जमत नाही. खोटं वाटेल तुम्हाला, पण वाईट काम करणं फार अवघड असतं ठरवून. कमी केलं की नाटकी होतं, अजून कमी केलं की झोपेत बोलल्यासारखं होतं. आणि मॅडम म्हणाल्या, दुपारपर्यंत जमलं नाही तर हा एक सीन दुसऱ्या आवाजात करावा लागेल. करा म्हणावं. करा. पण कालचा टेक पुसणार ते, समजतंय ना? तो राहणार नाही कुठे. मी तो शब्द पुन्हा तसा कधी म्हणणारे?

काय म्हणालात? माझे वडील? हो, आहेत. आहेत ना, घरीच असतात. बरे आहेत. म्हणजे – बरे कसले, अर्धं अंग गेलंय, वाचा गेलीये. ऐकू सगळं येतं. बोलायला गेले की नुसता ‘हं’ निघतो, आणि त्या एका ‘हं’मध्ये काय काय असतं ते आपण ओळखायचं. बस स्टँडवर गाड्या पुकारायचे ते. हा आवाज त्यांचाच आहे, मी काही वेगळा आणलेला नाही. लहानपणी मी डबा घेऊन जायचो, तर स्टँडवर कुत्रं नसायचं आणि हे आपले माइकसमोर ताठ बसून शेवटच्या गाडीची सगळी गावं एकेक करून पुकारतायत, शेवटचं गावही पहिल्याइतकंच स्वच्छ. म्हटलं, बाबा, कोणीच नाहीये. म्हणाले, ‘असला एखादा तर?’ बस. एवढंच. असल्या माणसाचा आवाज असा बंद व्हावा, आणि त्या मख्ख ठोकळ्याला मात्र –

जाऊ द्या. नाही, नाही बोलत फार. म्हणजे बोलतो, जाता-येता विचारतो, गोळी घेतली का, जेवलात का. दारातूनच. आत जाऊन बसलं की मला काय बोलावं कळत नाही हो. संवाद लिहिलेला नसतो ना कोणी. काल रात्री जेवताना बायकोला सगळं सांगितलं, कसा श्वास घेतला, कसा ‘बाबा’ पाचावर टाकला, करूनही दाखवलं. ती ऐकत होती. मग भांडी उचलली आणि म्हणाली, ‘छानच केलंत. ते आत आहेत, त्यांच्याशी तुम्ही आकडेच म्हणता.’ असं बोलतं का कोणी? दिवसभर माणूस घसा फोडून येतो आणि – पण मला रात्री झोप नाही लागली, ते खरं. लाज वाटली मला. तुम्हाला काय सांगायचं, ओळख ना पाळख, पण वाटली.

आत्ता? इथून फोन? नाही हो, काहीतरीच काय. येड्यासारखं दिसेल. ते घाबरतील, म्हणतील याला काय झालं. ...तुम्ही केला असतात? वडील कधी गेले तुमचे? ...अच्छा. ...नाही, बरोबर आहे तुमचं. वाक्य तर पाठच आहे माझं. वाक्याचा प्रश्नच नाही. थांबा, इथे, या कोपऱ्यात रेंज येते. तुम्ही आपलं काम करा, माझ्याकडे बघू नका.

हॅलो. हां, मीच. नाही, सुटलो नाही अजून, एसी बिघडलाय. बाबा जागे आहेत? त्यांच्या कानाला लाव जरा फोन. ...काही झालं नाही, लाव तर. ...बाबा. मी बोलतोय. ...हं. ...ते, जेवलात का? ...हं. गोळी घेतली? ...बरं. ...हं, येतंय ऐकू. ...बाबा – ...नाही, काही नाही. पाय हलवत राहा. संध्याकाळी येतो. ठेवतो.

...

एवढी शांतता कशी काय झाली? गुणगुण थांबली की हो. कधी थांबली? मघाशीच? मग सांगायचं नाही का! आणि मॅडम पण आल्यात, बघा, काचेमागे उभ्या आहेत. काय मॅडम? ...हो, घरी फोन केला होता, सॉरी. ...माइक चालू होता? ...काय? ...कुठला सूर? ...आत्ताचा?

ऐकलंत ना तुम्ही? ‘आत्ता बाबा म्हणालात ना, अगदी तसंच हवंय. चेहऱ्याला बरोब्बर बसतं.’

घ्या, शिडी घ्या. नाही, तो पुलावरचा डायलॉग आज नको. लाल दिवा लागतोय, जाताना दार नीट ओढून घ्या.