अर्ध्या वेगाचा साल्सा

कोलंबियातल्या काली शहरात, एका बेकरीत गरम पानदेबोनोसाठी, म्हणजे चीजच्या गोल पावांसाठी, रांग होती. माझ्यापुढे एक आई आणि तिचा दाढीवाला मुलगा.

"येइसन, शनिवारी माझी साठी. घरात चांगला कॉम्प्युटर असताना गाणी तुझ्या त्या घरगुती ऑपरेटिंग सिस्टीमवरच कशाला?"

"कारण तिच्यासाठी साउंडकार्डचा ड्रायव्हर मी स्वतः लिहिलाय, आई."

"साउंडकार्ड कधी आणलंस?"

"आणलं नाही, ते खोटं आहे. आपल्या कॉम्प्युटरच्या आत मी एक खोटा कॉम्प्युटर चालवतो, त्याच्या आत ते असतं."

"म्हणजे नसलेल्या यंत्राला तू काम शिकवलंस. तुझ्या असलेल्या भावाला मी अजून ताट उचलायला शिकवू शकले नाही."

"नसलेलं यंत्र ऐकतं तरी."

"ऐकतं? काल साल्सा लावलास, तर गाणारी बाई पुरुषाच्या आवाजात पेंगत होती."

"किरकोळ चूक आहे. डाव्या आणि उजव्या स्पीकरचे आवाज एकाच रांगेत उभे राहिले, म्हणून गाणं दुप्पट लांबलं. दुपारपर्यंत काढतो."

"हात लावून तर बघ!"

"का?"

"गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तुझे बाबा काल पहिल्यांदा माझ्याबरोबर नाचले. अख्खं गाणं."

"अगं, शनिवारी सगळी गल्ली येणार. माझ्या ड्रायव्हरला हसतील."

"हसू देत."

"बरं, असं करतो. पहिलं गाणं चुकीसकट, तुमच्या दोघांसाठी. त्यानंतर दुरुस्त."

"चालेल. फक्त ते पहिलं गाणं जरा मोठं निवड."