हातांची कात्री

सासू: थांब, थांब. डावा हात परत मागे राहिला.

सून: कळतंय हो आई. डोक्याला कळतं, हाताला कळत नाही. उद्या बँडसमोर वाजवायचंय आणि माझं हे असं.

सासू: मग वाजव की पूर्वीसारखं, उजवा हात डाव्यावरून नेऊन.

सून: त्या कात्रीनेच तर खांद्याची वाट लागली. डॉक्टर म्हणाल्या, हात मोकळे ठेवून वाजवा, नाहीतर सोडा. डाव्याने झांजा, उजव्याने मधला ड्रम. उद्या जमलं नाही तर ते दुसरा ड्रमर घेणार. मी उभा केलाय तो बँड, आई.

सासू: ऊठ जरा. काठ्या दे इकडे.

सून: तुम्ही? बरं, बसा, पण जपून... आई, हे काय?

सासू: चुकलं का गं?

सून: चुकलं कसलं, डाव्या हाताने झांजा वाजवताय तुम्ही. कुठे शिकलात?

सासू: इथेच. तू वाजवतेस तेव्हा मी समोर कपड्यांच्या घड्या घालत असते ना? तू बाहेर पडलीस की उशीवर करून बघते.

सून: समोरून बघून? म्हणजे आरशातल्यासारखं. माझा उजवा तो तुमचा डावा. अगं बाई, तुम्ही उलटं शिकलात आणि तेच मला हवंय. शिकवा मला. आत्ताच्या आत्ता.

सासू: हातांच्या नादी लागूच नकोस. आधी तोंडाने म्हण. तोंडाला कुठे डावं-उजवं असतं? टिक टिक ठाक टिक.

सून: टिक टिक ठाक टिक.

सासू: ही उठले मी, घे काठ्या. म्हणत म्हणतच बस आणि वाजव. हातांकडे बघायचं नाही, माझ्याकडे बघ.

सून: टिक टिक ठाक टिक, टिक टिक ठाक... आई, चाललंय. खांदा दुखत नाहीये.

सासू: बोलू नकोस, घसरशील.

सून: घसरू दे. अंगावर काटा आलाय माझ्या. सगळं गाणं वाजवू?

सासू: वाजव. खिडकी उघडते. शेजारी रोज कुरकुरतात, आज निदान कारण तरी मिळू दे.

(सून गाणं शेवटपर्यंत वाजवते.)

सून: एकदा अडखळले.

सासू: दोनदा.

सून: किती आनंद झालाय म्हणून सांगू. आणि भीतीही वाटतेय. उद्या याल माझ्याबरोबर?

सासू: येईन. आणि अडखळलीस तरी नजर वळवणार नाही.