आत जाणाऱ्याला काय सांगितलं?

सन्माननीय अधिष्ठाता डॉ. फहमिदा मॅडम, प्रमुख पाहुणे माननीय काकासाहेब, व्यासपीठावरील सर्व गुरुजन, आज इथून निरोप घेऊन निघालेले नवे डॉक्टर, त्यांचे आईवडील, आणि मागं दारापाशी उभे असलेले कर्मचारी बंधुभगिनी,

सुवर्णपदक मिळवणाऱ्या बद्रीनाथचा बाप म्हणून मला दोन शब्द बोलायला सांगितलं, याबद्दल आयोजकांचा आभारी आहे. आधी एक दुरुस्ती. निवेदकांनी माझी ओळख ‘मोटार मेकॅनिक’ अशी करून दिली. मी गाड्या दुरुस्त करत नाही. बिडकीनला माझं वाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी मी नव्यानं भरतो. हे काम मला कुणी शिकवलं नाही. जळालेली मोटार उघडायची, ती का जळाली ते शोधायचं, असं करत शिकलो. आज इथं उभं राहून मला तेच करायचं आहे.

निवेदक असंही म्हणाले, की ‘जीवघेण्या स्पर्धेत बद्रीनाथनं बाजी मारली’. टाळ्या पडल्या. माझे हात उठले नाहीत. का, ते सांगतो.

तुम्हा डॉक्टर मंडळींत एक रिवाज आहे. या पोरांनीच मला तो हसत हसत सांगितलेला. प्रात्यक्षिक परीक्षेत एकच पेशंट एकामागून एक विद्यार्थ्यांना तपासायला देतात. तपासून बाहेर आलेला आत जाणाऱ्याच्या कानात सांगतो, आत काय आहे. मॅडम, तुम्हाला हे ठाऊक नसेल असं मी धरून चालतो. मागच्या रांगेतल्यांनी हसू नये. पुढं हसण्यासारखं काही नाही.

बद्रीनाथचा खोलीसोबती इलियास. कन्नडचा. गावाकडची एसटी चुकली की सरळ आमच्याकडं यायचा, “मावशी, माझी बी भाकर टाका” म्हणत चुलीपुढं बसायचा. पहिला नंबर कधी याचा, कधी त्याचा. आज तो या सभागृहात नाही. का नाही, हे कुणी विचारलं?

मी विचारलं. सकाळी जीपमध्ये.

“नापास झाला ना, बाबा.”

“इलियास? कसा काय?”

हा गालातल्या गालात हसला. “पोटाची केस होती. बाईच्या डाव्या कुशीत गाठ. किडनीची. मी बाहेर येऊन त्याला स्प्लीनची, म्हंजी प्लीहेची सांगितली. त्यानं आत तेच ठोकलं. बाहेरगावचे परीक्षक लई खवट, त्यांनी उलटं विचारल्यावर याचं ततपप.”

“मुद्दाम सांगितलं?”

“स्पर्धा हाय, बाबा. त्यानं सोताचा हात लावून बघायचा व्हता.”

खरं आहे. हात लावायचा होता. इलियासला ते येत नव्हतं? येत होतं. पण दोस्तानं सांगितलं म्हणून बोटांना लागलेलं त्यानं सोडलं आणि कानांनी ऐकलेलं धरलं. ही त्याची चूक. तिच्यासाठी त्याला परीक्षेला पुन्हा बसायचं आहे. आणि याला पदक!

जीप बाजूला घेऊन मी कन्नडला फोन लावला. इलियासच्या आईनं, जैतुनबींनी उचलला. मी तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, “मुबारक हो, भाऊ! आपल्या बद्रीनं मैदान मारलं. आमचा इलियास म्हणतो, अम्मी, त्यानं बरोबरच सांगितलं व्हतं, मीच आत जाऊन गडबडलो.”

आपल्या बद्रीनं!

नव्या डॉक्टरांनो, उद्या वॉर्डात तुमची पाळी संपेल. जाणारा डॉक्टर येणाऱ्याला सांगेल, कोणत्या खाटेवर कोण आहे, त्याला काय झालंय, काय दिलंय. रिवाज हाच ना? येणारा जर तुमच्या पुढं निघालेला असेल, तर तेव्हा काय सांगाल त्याला? खाटेवरच्या माणसानं कुणाच्या स्पर्धेत भाग घेतलाय? आणि गुरुजन, पहिल्याचा फोटो तुम्ही व्हरांड्यात लावता. तो पहिला कसा आला, हे तुम्ही एकदा तरी विचारता का?

सत्काराची शाल मी घडी करून टेबलावर ठेवली आहे, नारळ तिच्याशेजारी आहे. पदकाचं काय करायचं ते मॅडमनी ठरवावं. तो अधिकार माझा नाही. बापाचा जेवढा अधिकार आहे तेवढा वापरतो. आमची जीप इथून बिडकीनला जाणार नाही. सरळ कन्नडला जाईल.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, उपकार आहेत. आनंदाच्या दिवशी माझ्या तोंडून वाकडा शब्द गेला असेल, तर तेवढा पदरात घ्या. मुलाच्या करणीची माफी मात्र मी मागणार नाही. ती मागायला तो इथंच बसलेला आहे.

निवेदक, माईक बंद करू नका.

बद्रीनाथ, ऊठ. वर ये. आत काय होतं आणि बाहेर येऊन तू काय सांगितलंस, ते सगळ्यांना सांग.