अठरावं खोकं

उघडून बघा की, लाजताय काय? त्याच्यासाठीच आलात ना एवढं रिव्हरसाइडहून? सकाळपासूनचे तुम्ही तिसरे – पहिल्याला नुसता पुढचा बंपर हवा होता, दुसऱ्याला हीटर, दोघांनाही वाटेला लावलं. सुटं विकायचं नाही मला. सतराच्या सतरा खोकी एका दिवसात, एका दारातून बाहेर गेली पाहिजेत. तुम्ही तर भावही न करता सगळी नेतो म्हणालात – मला वाटलं माझ्याच ऐकण्यात काही गफलत झाली. बसा त्या स्टुलावर. तो नको, तो डुगडुगतो, हा घ्या. बार्लीचा चहा आहे गार केलेला, चालेल ना? डिसेंबरात गार चहा पिते म्हणून माझी वहिनी हसते मला. हसू दे. आता तिच्याकडे जाणंच बंद केलंय मी, म्हणजे हसायचाही प्रश्न मिटला.

हे बघा, प्रत्येक वस्तू वेगळ्या पिशवीत, प्रत्येक पिशवीला चिठ्ठी. कुठला बोल्ट, कुठल्या बाजूचा, वरचा की खालचा, कोणत्या तारखेला काढला. अक्षर माझं नाही, भावाचं – वेसचं. छापल्यासारखं आहे की नाही? चाळीस वर्षं विमानाचे सुटे भाग कातले त्यानं, तिथे शून्याला आडवी रेघ मारायची शिस्त असते, ती हाताला लागली ती लागलीच. वाढदिवसाच्या कार्डावरही माझं वय साठ लिहिलं तेव्हा शून्याला रेघ. मी म्हटलं, वेस, माझं वय काय पुर्जा आहे का? तर म्हणाला, पुर्जा असतीस तर अजून चांगली टिकली असतीस. तसा विनोदी आहे तो. होता. आहे म्हणजे, मेलेला नाही, इथून तीन मैलांवर टोरन्सला राहतो, माझ्यासाठी मेला आहे एवढंच.

गाडी एकाहत्तरची. डॅटसन पाचशेदहा, चार दारांची, फिकट हिरवी. आमच्या पप्पांची. पप्पा माळी होते, इथे गार्डिनात त्या काळी आमच्या जपान्यांतला प्रत्येक दुसरा माणूस माळीच होता – कामाला वेगळा ट्रक, त्यात गवत कापायचं यंत्र, खतं, चिखल. पण ही गाडी म्हणजे रविवारची. देवळात जायचं, लग्नाला जायचं, मेलेल्याला पोचवायला जायचं, ते हिच्यातून. दर शनिवारी धुवायचे, आणि धुताना मम्मीलाही जवळ येऊ द्यायचे नाहीत. शेवटी डोळे गेले तरी हातानं चाचपून धुवायचे. ते गेले सात वर्षांपूर्वी, आणि तेराव्या दिवशी नाही का – तसं आमच्यात एकोणपन्नासाव्या दिवशी करतात – त्या दिवशी सगळे पाहुणे गेल्यावर वेस इथेच या गॅरेजमध्ये उभा राहिला आणि म्हणाला, डोरी, हिला आपण दोघं मिळून करू. मी डोरीन, डोरी तो एकटाच म्हणतो. जन्मात पहिल्यांदा त्यानं माझ्याकडे काही मागितलं असेल. रडले मी. तुम्हाला काय सांगायचं, पण रडले.

मग सात वर्षं दर रविवारी. तो सकाळी नऊला यायचा, मी दुपारी मुसुबी करायची, म्हणजे भाताचे मुटके, आत टिनच्या मांसाचा तुकडा, त्याला तसलेच आवडतात. तो गाडीखाली आणि मी त्या कोपऱ्यात शिवणयंत्रावर. बोटींच्या गाद्या शिवण्यात माझी हयात गेली, गाडीच्या सीटा म्हणजे मला काही अवघड नाही – पण ते मूळ रेक्झिन, त्यावर ती चटईसारखी वीण, ती मिळवायला आठ महिने गेले. मागची सीट मी तीनदा उसवली. तीनदा. कुणी बघणार नव्हतं तिथला टाका वाकडा होता म्हणून. का, तर पप्पांनी बघितला असता.

आणि वेसला गाडी नवीनही करायची होती, जरा जोरकस. मोठं इंजिन, पाच गिअर, पुढे डिस्क ब्रेक. मी म्हटलं, कर बाबा, पण एक गोष्ट – कापायचं नाही. बोल्टानं बसेल ते बसव, बोल्ट काढला की पप्पांची गाडी पुन्हा पप्पांची झाली पाहिजे. त्यानंच खडू घेतला आणि तिथे लिहिलं – तुमच्या मागे, वर, फळीच्या बाजूला – ‘कापायचं नाही’. दिसलं? त्याचंच अक्षर ते. त्या शब्दावर ही खोकी भरली गेली. काढलेली एक वायसरसुद्धा फेकली नाही आम्ही. तुम्हीही एक उभी करताय ना, निळी? मग तुम्हाला कळेल. इंजिन बदललं तर बदललं, ते परत टाकता येतं. पत्रा कापला की संपलं. वरून कितीही जोडा, तो जोडलेला पत्रा.

ऑक्टोबरात काय झालं – थांबा, चहा घ्या ना. ऑक्टोबरात म्हणाला, चाकांची लाइन बघायला घरी नेतो, तिथे मोकळी जागा आहे. म्हटलं ने. तीन आठवडे झाले, गाडी नाही. फोन केला की, होतंय डोरी, होतंय. शेवटी लाँग बीचला जुन्या जपानी गाड्यांचा मेळा भरतो तो आला. मी पहाटे उठून चाळीस मुसुबी केले, त्याच्या सगळ्या मित्रांना पुरतील एवढे, दोन डबे घेऊन बसनं गेले. शेकड्यांनी गाड्या. आणि आपली मला लांबूनच दिसली, पण चालण्यात काहीतरी – म्हणजे उभी होती ती, चालत नव्हती, पण उभं राहण्यात काहीतरी बिघडलेलं. जवळ गेले तर मागच्या दोन्ही चाकांवर हे एवढे फुगवटे, वर बोल्टांची रांग, आत हे रुंद टायर. लोक वाकून फोटो काढतायत. मी डबे खाली ठेवले, गुडघ्यावर बसले आणि फुगवट्याच्या आत हात घातला. कड लागली हाताला. कापलेली. चाकावरची आख्खी कमान कापून काढलेली, दोन्हीकडची.

आणि ऐका, बाजूला पाटी उभी केलेली, इंजिन अमुक, ब्रेक तमुक, आणि खाली – ‘आतलं सगळं शिवणकाम: माझी बहीण डोरीन कुराशिगे’. नाव लिहिलं माझं. नसतं लिहिलं तर बरं झालं असतं, मला तिथल्या तिथे सोडून जाता आलं असतं.

मी चारचौघांत विचारलं त्याला. तू शब्द दिला होतास म्हटलं. विचारायचं तरी होतंस, मी नाही म्हटलं असतं, पण विचारायचं होतंस. सात वर्षं माझ्या हातचं खाल्लंस आणि तीन आठवडे फोनवर माझ्याशी गोड बोलत करवत चालवत होतास. तर टोपी काढली त्यानं, आणि – जाऊ द्या. काहीतरी म्हणाला. तुम्हाला त्याच्याशी काय करायचंय.

म्हणून मी जाहिरात दिली. सरळ सांगते, किमतीचं मला काही नाही, तुम्ही म्हणाल ते. एकदा ही खोकी माझ्या दारातून गेली की ती गाडी पुन्हा कधीही पप्पांची होणार नाही. उद्या त्याला पश्चात्ताप झाला, परवा तो दारात येऊन उभा राहिला, तरी मला म्हणता आलं पाहिजे – गेलं सगळं, वेस, रिव्हरसाइडच्या एका निळ्या गाडीत बसलंय. तेवढंच हवंय मला. दुष्टपणा आहे? असू दे. मला दुखलंय.

आणि नुसती उजवी कापली असती तरी मी गिळलं असतं. डावी का? त्या डाव्या मागच्या कमानीवर पप्पांचा हात होता हो. शहात्तर साली तिथे हा एवढा पोचा आला होता, देवळाच्या आवारातल्या खांबावर घासून. पप्पांनी गॅरेजवाल्याकडे नेली नाही, लाज वाटली त्यांना. स्वतः आतून वाळूची पिशवी लावली आणि बाहेरून लाकडी मोगरीनं तीन संध्याकाळी ठोकत बसले. रंग लावला तो जरासा गडद लागला, मग तो तसाच राहिला. मी सात वर्षं वेसला सांगत होते, तेवढा भाग रंगवू नको, तेवढा तसाच ठेव. त्यानं ठेवलाही. रंगवला नाही, आणि सरळ कापून टाकला.

कोण? पोचा कुणी पाडला म्हणताय? – वेसनं. म्हणजे घरात तसंच ठरलं. आदल्या दिवशी गाडी त्याच्याकडे होती, नवीन लायसन्स होतं, अठराचा होता. पप्पा ओरडले नाहीत, त्यांनी नुसती किल्ली काढून घेतली आणि दोन वर्षं दिली नाही. दोन वर्षं तो बसनं कॉलेजला गेला. त्याच्या मित्रांचा गाड्यांचा क्लब होता, रविवारी सगळे डोंगरात जायचे, त्यातून गेला तो, गाडी नसलेल्याला कोण विचारतं? संध्याकाळची नोकरी सुटली. एक शब्द बोलला नाही. पप्पांनी विचारलं तेव्हाही मान खाली घालून उभा. मी समोरच होते, भांडी पुसत होते. तेच एक ताट पुसत राहिले, किती वेळ कोण जाणे. सोळाची होते मी, लायसन्स नाही, काही नाही, नुसती देवळापर्यंत जाऊन येते म्हणून –

चहा कोमट झाला तुमचा. बदलून देते.

असे बघू नका माझ्याकडे. हो, मी. मीच घासली खांबावर. उद्या सांगेन, उद्या सांगेन म्हणत राहिले, आणि मग किल्ली गेली, मग महिना गेला, आणि मग सांगितलं असतं तर खांबापेक्षा न सांगितल्याचंच जास्त झालं असतं. मम्मी गेली, पप्पा गेले. सात वर्षं रविवार रविवार तो माझ्यापासून चार पावलांवर गाडीखाली पडून असायचा, मला नुसते त्याचे बूट दिसायचे, आणि दर रविवारी मी म्हणायची, आज. बुटांशी बोलायला सोपं जाईल. नाही बोलले. आणि त्या मेळ्यात टोपी हातात घेऊन तो काय म्हणाला माहितीये? अगदी हळू, मित्रांना ऐकू जाऊ नये असं – ‘डावी बाजू माझी होती, डोरी. दोन वर्षं बसला लटकलोय तिच्यापायी. माझी होती, मी कापली. तू कधी बोलतेस याची वाट बघत होतो.’ म्हणजे माहीत होतं त्याला. पहिल्या दिवसापासून. अठ्ठेचाळीस वर्षं माझ्या हातचं खात होता आणि आतल्या आत मोजत होता. मग फसवलं कुणी कुणाला, सांगा तुम्ही. नको, सांगू नका.

दुसऱ्या दिवशी तो नसताना मी त्याच्या घरी गेले. वहिनीनं दार उघडलं, कॅरलनं. भंगाराच्या पिंपात दोन्ही तुकडे पडले होते, चंद्रकोरीसारखे. आतून बोट फिरवलं आणि मोगरीचे ठोके लागले तो डावा. टॉवेलात गुंडाळून बसनं घरी आणला. ते तिकडे, शिवणयंत्राखाली, ते अठरावं. ते जाहिरातीत नाही आणि विकायचंही नाही.

असो. द्या तुमची यादी, एकेक खोकं मोजून खूण करू, म्हणजे मागून तक्रार नको. आणा इकडे. चष्मा कुठे गेला माझा – हा. पहिल्या खोक्यात कार्बोरेटर, दुसऱ्यात –

ही यादी कुणी लिहिली?

नाही, तुम्ही नाही लिहिलीत. खोक्यांचे नंबर बघा. दहाच्या शून्याला रेघ आहे. आणि हीटरचं बटण, चीर गेलेलं, तिसरं खोकं – चीर गेलेलं आहे हे जाहिरातीत कुठे होतं? निळी गाडी आहे ना तुमची, रिव्हरसाइडला? आहे का खरंच? बोला. नाही ना. तरीच भाव केला नाहीत. त्यानं पाठवलं तुम्हाला. तीन मैलांवर राहतो, स्वतःच्या पायांनी येऊन दार वाजवता येत नाही, तर परका माणूस पाठवून बहिणीकडून बापाच्या वस्तू विकत घेतो. आणि मी मूर्ख, चहा काय, स्टूल काय.

आणि हे शेवटी काय – ‘डावा मागचा तुकडा. देईल तर.’

देईल तर.

परत जोडायचाय त्याला.

ठेवा ते खोकं खाली. आहे तिथे ठेवा, बरोबर जागेवर. काही न्यायचं नाही, सतरातलं एकही नाही, आणि अठराव्याकडे तर बघूसुद्धा नका. नाही, निरोपही नाही. तुम्ही आत्ता जे ऐकलंत ना, मीच घासली हे, ते वाक्य त्याच्या हक्काचं होतं. अठ्ठेचाळीस वर्षं त्याच्यासाठी सांभाळलेलं, आणि त्यानं तुम्हाला पाठवून तेही तुमच्या पदरात पाडलं. ते त्याला सांगायचं नाही. शपथ घ्या किंवा नका घेऊ, पण सांगायचं नाही. ते मला सांगायचंय, आणि ते ऐकायला त्याला स्वतः यावं लागेल.

उठा आता. यादी राहू दे माझ्याकडे. आणि जाताना फाटक नीट ओढून घ्या, कडी लागत नाही त्याची.