सुई टोचल्यावर

मध्यंतरी माझ्या पायात गंजका खिळा घुसला, म्हणून नागरवाड्यातल्या आमच्या नेहमीच्या दवाखान्यात धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला गेलो. तिथल्या नर्सबाईंना मी कित्येक वर्षं ओळखतो. पण बोलणं गुजरातीत, तेही ‘केम छो’पुरतं. बडोद्यात घराचा उंबरा ओलांडला की आपली जीभ आपोआप गुजराती होते.

“बेन, धीमेथी मारजो,” मी सुई हळू टोचायला सांगितलं.

“चिंता ना करो, भाई,” म्हणत त्यांनी सुई टोचली, आणि माझ्या तोंडून निघालं, “आई गं.”

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. “अहो, तुम्ही मराठी?”

“म्हणजे तुम्हीपण?”

दंडावर कापूस दाबून धरत त्या हळूच म्हणाल्या, “आई गेल्यापासून घरात मराठी कानावर पडत नाही हो. नवरा गुजराती, मुलंही गुजरातीच बोलतात.” मग म्हणाल्या, “उद्या ड्रेसिंगला या.”

जखम केव्हाच भरली. तरी मी ड्रेसिंगला जातो, हल्ली बायकोलाही नेतो. दोघी मराठीत गप्पा मारत बसतात, आणि मी बरा झालेला पाय पुढे करून बसतो.