वाकडे कोपर

पांडुरंगाला आधी वंदन करतो, म्हणजे रागाच्या भरात माझी जीभ घसरणार नाही.

चामोर्शीला माझ्या पुतणीला पाहायला मंडळी आली होती. स्वाती लहानपणी मोहाच्या झाडावरून पडली, तेव्हा तिच्या कोपराचे हाड मोडले. ते जुळले, पण हात किंचित आत वळलेलाच राहिला. दिसायला बाक आहे, कामात उणेपणा नाही, असे डॉक्टरांनी तपासून स्पष्ट सांगितले होते. तिने चहाचा ट्रे पुढे धरला, तर मुलाच्या मामांची दृष्टी चहावर नव्हतीच.

“पोरी, हात लांब कर बरं.”

तिने केला.

“वाकडा हाय. आमाले आधी काऊन नाई सांगितलं?”

“मामाजी, याच हातानं मी धानाचा रोवणा करते, याच हातानं देवळात मृदंग वाजवते. चहा सांडला का?”

“दिसाले बरा नाई दिसत ना, बाई.”

एवढे बोलून मामा उठले आणि सवयीने देव्हाऱ्यातल्या विठ्ठलापुढे हात जोडून उभे राहिले. तिथे माझा संयम सुटला.

“भाऊ, तो नमस्कार मागे घ्या. कमरेवर हात ठेवून उभ्या असलेल्या त्या देवाचे दोन्ही कोपर वाकडे आहेत. आधी त्याला हात लांब करायला सांगा.”

मामांनी जोडलेले हात खाली घेतले. मुलाची आई घाईने म्हणाली, “आमाले पोरगी पसंत हाय.”

स्वातीने कप गोळा केले. “मले मामाजी पसंत नाई.”

ऐकणाऱ्या तुम्हा सर्वांच्या घरी त्या पांडुरंगाची कृपा नांदो, आणि लेकींकडे पाहणाऱ्यांची दृष्टी तेवढी तो सरळ ठेवो.